भरल्या पोटाचं इंग्रजी

मला इंग्रजी येतं ही बातमी माझ्या आधी आमच्या पाड्यावर पोचली होती. मी तेव्हा डहाणूच्या शाळेत शिकत होते, मसोलीला आत्याकडे राहत होते आणि सुट्टी लागली की तलासरीच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचं घर होतं तिथे यायचे. मी आले रे आले की शेजारच्या बायका हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन बसायच्या. "बोल ना गे जरा इंग्रजी," म्हणायच्या. आणि मी बोलायचे. काय बोलायचे ते आठवलं की आज या वयातही कानशिलं तापतात. दाराकडे बोट करून मी ऐटीत म्हणायचे, "आय हॅव क्लोज्ड द डोअर." दार सताड उघडं असायचं. आमच्या घराचं दार म्हणजे बांबूची एक ताटी, ती लागायची ती निजतानाच. पण बायका खूश. मग कोंबड्यांना हाकलून "आय हॅव जस्ट..." एवढं म्हणून थांबायचे, कारण हाकलणे याला इंग्रजीत काय म्हणतात ते आम्हाला झालं नव्हतं. एकदा शेजारच्या काकाने खताची रिकामी गोणी आणून तिच्यावरचं वाचायला लावलं. मी खडाखडा वाचलं. "म्हणजे काय?" त्याने विचारलं. "चांगलं खत आहे," मी सांगितलं. खत खरंच चांगलं निघालं आणि माझी कीर्ती पार खालच्या पाड्यापर्यंत गेली.

आमचं घर कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं. सकाळी आई चुलीवर पेज ठेवायची आणि ती रटरटायला लागली की त्या आवाजाने आम्ही उठायचो. भात, नागली, थोडी वरई, परसात तूर, असं आमचं पीक. वारा पश्चिमेचा असला की लांबून हायवेवरच्या ट्रकांची घरघर यायची. बाबा म्हणायचे, "गुजरातेत चालला बघ." ते प्रत्येक ट्रकला गुजरातेतच पाठवायचे, मुंबईकडे जाणारा ट्रक त्यांच्या हिशेबी नव्हताच. अर्धं जेवण पेज, अर्धं जेवण भाकरी, आणि तोंडी लावायला उडीद नाहीतर सुकट. आषाढ-श्रावणात मडकी तळाला लागायची. तेव्हा पेजेत पाणी जास्त आणि दाणे कमी, पण ती तितकीच गरम असायची, म्हणून आम्हा पोरांना फारसा फरक कळायचा नाही.

आता एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडे कुणी कुणाच्या दारात गेलं की घरातली बाई विचारणार, "जेवलास का?" आणि त्याचं उत्तर एकच: "जेवलो." पोटात कावळे ओरडत असले तरी जेवलो. कारण नाही म्हटलं की त्या बाईला मडक्यात हात घालावाच लागणार, आणि मडक्यात काय आहे ते तिचं तिला ठाऊक. मग विचारणाऱ्या बाईने काय करायचं? तिने समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघायचं. ओठ सुकलेले दिसले, नजर चुलीकडे जातेय असं वाटलं, तर आपणच ओळखून ताट वाढायचं, मग "कशाला, कशाला" म्हणत तो बसायचा. म्हणजे पाहुण्याने खोटं बोलायचं आणि घरवालीने ते पकडायचं, अशी ही वाटणी. मला हे चालायला लागल्यापासून शिकवलेलं. लहान असताना एका घरी मी "नाय जेवले" असं खरं सांगून टाकलं, तर त्या काकूने स्वतःची भाकरी मला दिली. आईला कळल्यावर तिने मला मारलं नाही, नुसतं चुलीपुढे बसवून समजावलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, इतका वेळ समजावत होती.

मसोलीला आत्याकडे मात्र पोटाची ददात नव्हती. आत्याला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीचाच गेलेला, आणि ती एका वाडीच्या शेडमध्ये चिकू निवडून पेट्या भरायचं काम करायची. फुटलेले, डागलेले चिकू बायकांना घरी न्यायला मिळायचे. त्यामुळे आत्याची खोली बाराही महिने चिकूच्या वासाने भरलेली. भाकरीबरोबर चिकू, चहाबरोबर चिकू, ताप आला तरी चिकू. वाडीचा मुकादम गुजराती होता, म्हणून आत्याच्या मराठीत गुजराती घुसलेलं. मला उठवताना ती म्हणायची, "चालो पोरी, नळ आला." नळाला पाणी आलं की ते भरायचं, मग चूल, मग स्वयंपाक. आणि तो होईपर्यंत माझी बाईंकडे जायची वेळ झालेली असायची, म्हणून मी उपाशीच पळायचे.

बाई म्हणजे आमच्या इंग्रजीच्या बाई. आख्खी शाळा त्यांना मागून हॅव-हॅज बाई म्हणायची. एकट्या राहायच्या, आवाज घोगरा, साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला. दहावीच्या ज्या मुली इंग्रजीत गटांगळ्या खाणार हे त्यांना आधीच दिसायचं, त्यांना त्या सकाळी शाळेआधी घरी बोलवायच्या. मी त्यात पहिली. त्यांचं म्हणणं असं की मराठी माणूस इंग्रजीत भूतकाळ बोलतो, भविष्य बोलतो, पण आत्ता जे नुकतंच झालंय ते त्याला बोलता येत नाही. "झालंय ना? मग सांगा की झालंय," त्या म्हणायच्या. त्यांच्या दारात कुणालाही असं काहीतरी सांगितल्याशिवाय आत येता यायचं नाही. एकीने म्हणायचं, "आय हॅव कम." दुसरीने म्हणायचं, "आय हॅव ब्रॉट माय बुक." एक मुलगी रोज म्हणायची, "आय हॅव लॉस्ट माय पेन," आणि बाईंनी तिला कधी विचारलं नाही की रोज पेन हरवतं तर रोज येतं कुठून.

मग क्रियाविशेषणं आली. जस्ट, ऑलरेडी, एव्हर, नेव्हर, येट. बाईंची पद्धत अशी, की आम्हालाच शब्द करायचं. एक मुलगी 'आय', एक 'हॅव', एक 'ईटन', सगळ्या ओळीत उभ्या. मग बाई ओरडायच्या, "ऑलरेडी!" की ऑलरेडी असलेली धिप्पाड मुलगी हॅव आणि ईटन यांच्या मध्ये खांद्याने वाट काढून घुसायची. नेव्हर सडपातळ होती, ती सहज घुसायची. मी अंगाने बारीक आणि बुजरी, म्हणून मला 'येट' केलं. येट वाक्याच्या शेवटी येतो. बाईंची खोली एवढीशी, वाक्य लांब झालं की शेवट दाराबाहेर जायचा. इंग्रजी भाषा शिकले ती मी ओट्यावर उन्हात उभी राहून, आतल्या सगळ्यांच्या पाठी बघत. पुढे कितीतरी वर्षं त्या मैत्रिणी मला येटच म्हणत. ऑलरेडी आता पणजी व्हायला आलीय, पण फोन केला की अजून तेच: "काय येट, जिवंत आहेस ना?"

पण माझा एक हुकमी एक्का होता. वर्ग सुरू होताना बाई एकेकीला विचारायच्या, "हॅव यू ईटन?" बाकीच्या मुली अडखळायच्या. एक म्हणायची आय ईट, दुसरी म्हणायची येस ईटिंग. मी मात्र प्रश्न संपायच्या आत, "येस टीचर, आय हॅव ऑलरेडी ईटन." इतकं साफ की बाई बाकीच्यांकडे वळून म्हणायच्या, "बघा, मंजूचं वाक्य बघा." मला ते पाठ करावंच लागलं नव्हतं. मला ते जन्मापासून येत होतं, फक्त इंग्रजीत कसं म्हणायचं तेवढं बाईंनी सांगितलं. इकडे पोट गुरगुरतंय, शेजारची ईटन तो आवाज ऐकून तोंडावर हात धरतेय, आणि मी शाबासकी घेतेय. परवा माझी नात, जी इंग्रजी शाळेत जाते, ती मला म्हणाली, "आजी, ऑलरेडी नाही म्हटलं तरी चालतं तिथे." मी म्हटलं, आम्हाला नाही चालत.

त्याच वर्षी आईचं दुखणं निघालं. म्हणजे ते आधीपासून होतं, आम्हाला तेव्हा कळलं. अंगावरून जात होतं तिच्या, सारखं. ती बोलली नाही. लावणी झाली की बघू, कापणी झाली की बघू, असं करत वर्ष काढलं. मग एके दिवशी विहिरीवर चक्कर येऊन पडली तेव्हा बाबा घाबरले. डहाणूला एक दवाखाना होता, तिथे गरिबांची ऑपरेशनं फुकट व्हायची. त्यांनी तपासून सांगितलं, पिशवी काढायला लागेल, रक्त फार कमी झालंय, आता उशीर नको, आणखी वेळ घालवलात तर आम्हालाही हात लावता येणार नाही. तिला कुणी कुणी पटवलं म्हणून सांगू. बाबांनी, आत्याने, पाड्यावरच्या पोलीस पाटलाने. शेवटी ती तयार झाली, पण अट घालून. "या वेळेला येते," ती म्हणाली. "पण तिथून नुसतंच परत पाठवलं, तर मी पुन्हा यायची नाय. सांगून ठेवते." आई असं म्हणाली की तो दगड असायचा. आम्ही सगळे जाणून होतो.

पाड्यावर मात्र कुणाला काळजी नव्हती. कापाकापी करणारा डॉक्टर मुंबईहून आठवड्यातून एकदा येतो, दक्षिणेकडचा आहे, त्याला मराठी येत नाही, असं कळल्यावरही नाही. "आपली मंजू आहे ना," सगळे म्हणायचे. "ती बोलेल." आणि मीही मान हलवायचे. आत्ता वाटतं, त्या वेळी कुणीतरी मला एक थोबाडीत द्यायला हवी होती.

तलासरीहून एसटीने आम्ही चारोटीला उतरलो. तिथे हॉटेलांची ही गर्दी, तळणाचे वास, ट्रकवाले बाजेवर बसून जेवतायत. बाबांनी आईला चहा घेतेस का विचारलं. ती म्हणाली, "घेतला." कुठे घेतला, कधी घेतला, बाबांनी विचारलं नाही. दुसऱ्या एसटीने डहाणू. आत्या दवाखान्याच्या दारातच उभी होती. आईला खाटेवर घेतलं आणि संध्याकाळी सिस्टर येऊन सांगून गेल्या, आता उद्या ऑपरेशन होईपर्यंत काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सिस्टर केरळच्या, पण इतकी वर्षं इथे राहून मराठी बोलायच्या, तुटक आणि प्रेमळ. आई म्हणाली, बरं. आणि आई पाळायची म्हणजे पाळायची. तिने ओठ ओला केला नाही. ती खात नाही म्हटल्यावर आम्हीही कुणी खाल्लं नाही. आत्याने आणलेला डबा तसाच खाटेखाली राहिला.

सकाळी सिस्टर पुन्हा आल्या. मी नळावर तोंड धुवायला गेले होते. त्यांनी आईचा हात धरून नाडी बघितली, कपाळावर हात फिरवला आणि विचारलं, "आई, जेवलात?" आणि आई हसून म्हणाली, "जेवले, जेवले."

मी परत आले तर सिस्टर घाईघाईने निघून गेलेल्या, आणि थोड्या वेळाने वॉर्डबॉय येऊन सांगून गेला, तुम्ही जेवलात म्हणून सांगितलंय ना, मग तुमचं ऑपरेशन आज नाही. कधी? पुढच्या वेळी, नाहीतर त्याच्या पुढच्या. आई उठून बसली आणि लुगडं नीट करायला लागली. "चला," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. उलट तिला सुटल्यासारखं वाटत होतं.

"आई, तू जेवले म्हणून का सांगितलंस?" मी विचारलं.

"मग काय सांगायचं? ती बिचारी एवढ्या मायेने विचारत होती. उपाशी हाय म्हणून सांगू? तिच्या जिवाला लागलं असतं."

मी सिस्टरांकडे पळाले. त्यांना सगळं मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाळ, पेशंट स्वतः बोलली, मी लिहिली, डॉक्टरला सांगितली. आता मी काय बदलणार? डॉक्टरशी बोल. तुला इंग्लिश येते ना, तुझे बाबा सांगत होते." बाबा ते पण सांगून मोकळे झाले होते.

डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीबाहेर हिरवी टोपी घालून उभे होते. उंच, काळेसावळे, चेहरा दमलेला. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि आजपर्यंतचं सगळं शिक्षण एका वाक्यात ओतलं. "सर. माय मदर हॅज नॉट ईटन येट."

ते माझ्याकडे वळले. मग हळूहळू, मला कळावं म्हणून हातवारे करत बोलले. तिने स्वतः सिस्टरला सांगितलंय की खाल्लंय. नातेवाईक नेहमी असंच सांगतात, कारण त्यांना ऑपरेशन उरकायचं असतं. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते वर येतं, श्वास कोंडतो. आणि मग "शी मे डाय." तेवढं मला पूर्ण कळलं. माणूस बरोबर होता, हे तर आणखी वाईट.

"येस सर," मी म्हटलं, "बट शी हॅज ऑलवेज सेड. शी हॅज नेव्हर ईटन."

"नेव्हर?" त्यांनी विचारलं.

"नेव्हर, सर."

"शी हॅज नेव्हर ईटन?"

आता तुम्हीच सांगा, त्या माणसाने काय समजावं? मला दिसत होतं की गाडी चुकीच्या रस्त्याला लागलीय, पण उतरायचं कसं ते माहीत नव्हतं. मग माझ्या तोंडून एकामागून एक सगळी क्रियाविशेषणं बाहेर पडली. ऑलरेडी आली, जस्ट आली, नेव्हर पुन्हा आली. "सर, इन अवर हाउस, नोबडी हॅज एव्हर सेड नॉट ईटन. इव्हन नॉट ईटन, वी हॅव ऑलरेडी सेड ईटन." बाई तिथे असत्या तर त्यांनी मला ओट्यावरून थेट अंगणात काढलं असतं. मला रडू यायला लागलं. इंग्रजीत रडायला काय म्हणतात ते येत होतं, पण त्याचा उपयोग नव्हता. आई पलीकडे पिशवी भरत होती आणि मला दिसत होतं की ती आता गेली की गेलीच.

डॉक्टरांचा सूर जरा मऊ झाला. वाकून म्हणाले, "अँड यू? हॅव यू ईटन?"

"येस सर," मी डोळे पुसत म्हटलं, "आय हॅव ऑलरेडी ईटन."

किती साफ आलं ते वाक्य. एकही चूक नाही. नेमक्या त्याच वेळी सिस्टर ट्रे घेऊन बाहेर येत होत्या. त्या थबकल्या. "नो डॉक्टर," त्या म्हणाल्या, आणि मग भराभर इंग्रजीत काहीतरी बोलल्या. मला त्यातलं यस्टरडे कळलं, बिस्किट कळलं. काल संध्याकाळी त्यांनी मला बिस्किटं देऊ केली होती, तेव्हाही मी जेवले म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांनी खाटेखालचा भरलेला डबा बघितला होता. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी बाकावर बसलेल्या आत्याकडे बोट केलं. सिस्टरांनी विचारलं, "आत्या, जेवलात?" "हो तर," आत्या म्हणाली, "भरपेट." मग दाराशी उभे असलेले बाबा. "जेवलो, जेवलो," बाबा म्हणाले, आणि खात्री पटावी म्हणून पोटावरून हात फिरवला. बाबांचं पोट तेव्हा पाठीला लागलेलं होतं.

डॉक्टर हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं, दोघं काही बोलले, आणि मग मला म्हणाले, "लास्ट केस." सिस्टरांनी समजावलं. तुझी आई आज सगळ्यांच्या शेवटी. तोवर सहा-सात तास जातील, खाल्लं असेल तरी उतरलेलं असेल. पण तू तिच्या शेजारी बसायचं आणि पाण्याचा थेंबसुद्धा जाऊ द्यायचा नाही.

मी बसले. आईला सांगितलं, झालं तर आजच. तिने पिशवीतलं लुगडं पुन्हा काढून उशाशी ठेवलं. दुपारी सगळा वॉर्ड जेवला, डाळीचा वास आला, भांडी वाजली. तिसऱ्या प्रहरी तिला नेलं. बाबा बाहेर बदामाच्या झाडाखाली जाऊन बसले ते उठलेच नाहीत, आणि आत्या माझा हात धरून बसली ती मला दुखेपर्यंत. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. मला वाटलं आता ते काहीतरी हॅज लावून मोठं वाक्य बोलतील. ते म्हणाले, "शी इज फाइन." एवढंच. ते तर पाचवीच्या पहिल्या धड्यात होतं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि हमसून हमसून रडले.

मला वाटलं होतं आई माझं कौतुक करेल. खरंच वाटलं होतं. मनातल्या मनात मी पाड्यावरच्या बायकांना सांगायची गोष्टही तयार केली होती, तिच्यात माझं इंग्रजी बरंच सुधारलेलं होतं. दुसऱ्या दिवशी आई जरा सावध झाली तेव्हा आत्याने हसत हसत सगळं सांगितलं. बाबांनी पोटावरून हात कसा फिरवला ते तिने करून दाखवलं. शेजारच्या खाटांवरच्या बायका हसल्या. आई हसली नाही.

"परक्या माणसाला सांगितलंस?" ती मला म्हणाली. आवाज क्षीण होता, पण मला नीट ऐकू आला. "आपल्या घरात माणसं उपाशी असतात आणि जेवलो म्हणून सांगतात, असं?"

"आई, त्याशिवाय ऑपरेशन झालं नसतं."

"नसतं झालं तर नसतं. आजवर मी कुणाच्या दारात कमी पडले नव्हते."

आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. रागाने आदळआपट नाही, शिव्या नाहीत, नुसतं बोलायचं नाही. काही हवं असलं तर आत्याला म्हणायची, "हिला सांग, पाणी दे." मी दोन हातांच्या अंतरावर उभी आणि ती आत्यामार्फत पाणी मागायची. मला ते फार लागलं. मी तिला वाचवलं असं मला वाटत होतं, आणि तिला वाटत होतं मी तिला चव्हाट्यावर आणलं. आज मी तिच्या त्या वयाच्या पुढे कधीच निघून गेलेय, तलासरीच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेय, आणि अजून मला हे सांगता येत नाही की आमच्यापैकी कोण चुकलं. बहुतेक कुणीच नाही. पण त्या वेळी मला ती कठोर वाटली, आणि मी बाथरूममध्ये जाऊन तिच्यावर रागवायचे, अर्थात मराठीत.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले. त्या दिवशी ऑपरेशनं फार होती, दुपार उलटून गेली तेव्हा कुठे ते टाके बघायला वॉर्डात आले. आत्या नुकतीच डबा घेऊन आली होती, तांदळाच्या भाकऱ्या आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाची चटणी, आणि त्या वासाने सगळा वॉर्ड माना वर करून बघत होता. डॉक्टरांनी टाके बघितले, मान डोलावली, वळून जायला लागले. तेव्हा आई आत्याला म्हणाली, "हिला सांग, त्याला विचार, जेवलास का."

आत्याने मला सांगितलं, जसं मी ऐकलंच नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं, "सर, माय मदर इज आस्किंग, हॅव यू ईटन?"

डॉक्टरांनी आईकडे बघितलं, मग डब्याकडे, मग पुन्हा आईकडे. आणि मराठीत, अगदी हळू, एकेक अक्षर जपून म्हणाले, "जेवलो, जेवलो."

आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. चांगला वेळ बघत होती. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. मग ती कोपरावर उठून बसली, टाके होते तरी.

"खोटं बोलतो," ती म्हणाली. "बसव त्याला."

मला इंग्रजीत काही सांगावं लागलं नाही. डॉक्टर स्टूल ओढून खाटेजवळ बसले. आईने स्वतःच्या हाताने भाकरी मोडली, तिच्यावर चटणी ठेवली आणि ती त्यांच्या हातावर दिली. ते खात होते तोवर ती नुसती बघत होती, आणि संपायच्या आत दुसरा तुकडा पुढे केला. मग तिने डबा माझ्याकडे सरकवला. आत्याला मध्ये न घेता, सरळ माझ्याकडे बघून.

"तू पण घे," ती म्हणाली. "तू कुठे जेवलीस."